सोळाव्या वर्षी कसला जमाखर्च?

वेल्श गायिका शार्लट चर्चचं नाव निघालं की संगीताची चांगली जाण असलेली माणसंसुद्धा एकच निकाल देऊन मोकळी होतात : देवानं गळा दिला होता, पोरीनं मातीत घातला. बाराव्या वर्षी ‘व्हॉइस ऑफ ॲन एंजल’ हा अल्बम, सोळाव्या वर्षी ‘प्रिल्यूड’ हा निवडक गाण्यांचा संग्रह, मग अभिजात संगीताला रामराम, पॉप, वर्तमानपत्रांतले फोटो, आणि खेळ खलास. ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की ती तपासून बघावी असं आता कुणाला वाटतही नाही. नुसती कठोर असती तर मी ती सोडून दिली असती. पण ती खोटी आहे. आणि ती फक्त वेल्समधल्या एका मुलीपुरती राहत नाही. आपल्याकडे ‘लिटल चॅम्प्स’च्या मंचावर गाजलेली मुलं वीस-बावीस वर्षांची झाली की त्यांच्या पाठीमागेही हेच बोललं जातं : लहानपणी काय गायची, आता ते राहिलं नाही. म्हणून त्या निकालाला उत्तर द्यायला हवं.

पहिला आरोप, तिनं अभिजात संगीत सोडलं. सोडायला ती त्यात होती का?

1997 मध्ये, अकरा वर्षांची असताना, ब्रिटनमधल्या ‘धिस मॉर्निंग’ या सकाळच्या कार्यक्रमात तिनं टेलिफोनवरून ‘पिए येझू’ गाऊन दाखवलं. तिथून सगळं सुरू झालं. ही रचना कुणाची? अँड्र्यू लॉइड वेबरची. ‘कॅट्स’ आणि ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीतिकांच्या संगीतकारानं 1985 साली पहिल्यांदा सादर केलेल्या ‘रेक्विएम’मधला हा भाग, चर्चच्या प्रार्थनेचे शब्द घेतलेला आणि पहिल्यांदा ऐकतानाच मनात बसणारा. म्हणजे तिची ओळख ज्या गाण्यानं झाली तेच दोन प्रांतांच्या सीमेवरचं होतं. 1998 च्या नोव्हेंबरात आलेल्या पहिल्या अल्बममध्ये वेल्श नॅशनल ऑपेराचा वाद्यवृंद तिच्या साथीला होता, हे मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. पण वाद्यवृंद ऑपेराचा असला म्हणून गाणं ऑपेराचं होत नाही. त्या अल्बमवर ‘सुओ गान’ ही वेल्श अंगाई आहे, ‘डॅनी बॉय’ आहे, ‘अमेझिंग ग्रेस’ आहे, ‘पानिस अँजेलिकस’ आहे. घराघरांत आणि चर्चमध्ये गायली जाणारी, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेली ही गाणी. दुसऱ्या वर्षीच्या अल्बमवर गर्श्विनचं ‘समरटाइम’ आलं आणि ‘जस्ट वेव्ह हॅलो’ हे गाणं आलं, जे फोर्ड मोटार कंपनीच्या जाहिरातीत वाजलं. 2000 मध्ये नाताळची गाणी. 2001 च्या ‘एन्चांटमेंट’मध्ये ब्रॉडवेच्या संगीतिका, आणि त्यांच्याच शेजारी ‘कार्मेन’मधली हाबानेरा.

या हाबानेराशी जरा थांबायला हवं. बिझेची कार्मेन ही भूमिका मेझो आवाजाची, म्हणजे खालच्या पट्टीत भरदार असलेल्या प्रौढ आवाजाची. गाणारी बाई पुरुषांना खेळवते आहे, आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे त्याची चाहूल त्या ओळींमध्ये आहे. अल्बम आला तेव्हा शार्लट पंधरा वर्षांची होती आणि तिचा गळा उंच, पातळ, स्वच्छ सोप्रानोचा. ज्यांना अभिजात परंपरेची एवढी काळजी आहे त्यांनी ‘हे काय चाललं आहे’ असं तेव्हा ओरडून विचारायला हवं होतं. तेव्हा टाळ्या वाजल्या. ती एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या वयाची गाणी गायला लागल्यावर मात्र परंपरा बुडाली.

तोवर ऑपेराच्या रंगमंचावर तिनं एकही पूर्ण भूमिका केली नव्हती. पुच्चिनीचं ‘ओ मिओ बाब्बिनो कारो’ तिनं ध्वनिमुद्रित केलं, पण ते जेमतेम अडीच-तीन मिनिटांचं गाणं. ते मायक्रोफोनसमोर गाणं वेगळं, आणि ‘जान्नी स्किक्की’मधली लॉरेता होऊन, समोरच्या वाद्यवृंदाच्या वरून, विनामायक, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणं वेगळं. ऑपेरा गायकाचा आवाज वाद्यवृंदात बुडत नाही याचं कारण योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकानं दाखवून दिलं आहे. तयार गायकाचा, विशेषतः पुरुष गायकाचा, कंठमार्ग असा आकार घेतो की सुमारे 3000 हर्ट्झच्या आसपासची ऊर्जा एकवटते, आणि वाद्यवृंद नेमका त्या पट्ट्यात क्षीण असतो. उंच सोप्रानो हेच काम तोंडाची पोकळी स्वरानुसार बदलून साधतात. दोन्हीला वर्षांची मेहनत लागते. बारा वर्षांच्या मुलीकडून हे अपेक्षित नाही, आणि तिच्याकडे ते होतं असं म्हणणं ही तिची स्तुतीही नाही. तिच्याकडे वेगळं काही होतं. स्वर लागण्यातली अचूकता होती, श्वासाची समज होती, आणि वाक्य कुठे सोडायचं याची उपजत जाण होती. ‘सुओ गान’ आजही ऐका. कुठे ओढाताण नाही, कुठे दाखवणं नाही. मी त्या मुद्रणाच्या प्रेमात आहे आणि तसं सांगायला मला संकोच नाही. पण ते एका गुणी मुलीचं गाणं आहे. त्यावरून भावी तोस्का, म्हणजे ऑपेराची नायिका, ओळखणाऱ्यांनी मुलगी ऐकलीच नाही, आपल्या मनातली तोस्का ऐकली.

दुसरा आरोप, आवाज तिनं घालवला. इथे तर शरीरशास्त्राचंच भान सुटतं. मुलाचा आवाज फुटतो हे आपण सगळे जाणतो, त्याबद्दल कुणी त्याला बोल लावत नाही. याच वेल्समधला अ‍ॅलेड जोन्स पाहा. बँगर कॅथीड्रलच्या गायकवृंदातला हा मुलगा 1985 मध्ये ‘वॉकिंग इन द एअर’मुळे ब्रिटनभर पोचला, सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याचा आवाज फुटला, पुढे तो संगीत आणि नाट्य शिकला, निवेदक झाला, प्रौढ आवाजात पुन्हा गाऊ लागला. त्यानं देवाची देणगी उधळली असं लिहिलेलं मी कुठे वाचलं नाही. निसर्गानं दिलं, निसर्गानं नेलं, अशा समजुतीनं लोक त्याच्याकडे बघतात. मुलींचाही आवाज त्याच वयात बदलतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू जाड होतात, काही काळ आवाजात हवा मिसळते, वरच्या आणि मधल्या पट्टीतला सांधा जाणवायला लागतो. बदल मुलांइतका ठळक नसतो, म्हणून कानाला पटकन कळत नाही. आणि कळत नाही म्हणून तो मुलीच्या वागण्यावर ढकलला जातो. मुलाच्या बाबतीत जे वय, ते मुलीच्या बाबतीत चारित्र्य! हा भेद मला असह्य वाटतो.

सोप्रानो आवाज भरात येतो तो साधारण पंचविशीनंतर. शार्लटच्याच गावात, कार्डिफमध्ये, 1983 पासून ‘सिंगर ऑफ द वर्ल्ड’ ही स्पर्धा भरते आहे. पहिल्या वर्षी ती फिनलंडच्या कारिता मात्तिलानं जिंकली. 1989 मध्ये सैबेरियाचा द्मित्री ह्वोरोस्तोव्स्की पहिला आला आणि गीतगायनाचं पारितोषिक वेल्सच्या ब्रिन टर्फेलला मिळालं. टर्फेल तेव्हा तेवीस वर्षांचा होता, लंडनच्या गिल्डहॉल शाळेतून शिकून बाहेर पडत होता, आणि तरीही त्याची गणना उगवत्या गायकांत होत होती. हा रस्ता शार्लटच्या घरापासून काही मैलांवर होता. त्या रस्त्यानं जायचं तर अठरा ते पंचवीस या वयात गाजावाजा न होता शिकावं लागतं. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा तिच्या नावावर चार अल्बम होते, पोपसमोर, राणीसमोर आणि अमेरिकेच्या अध्यक्षांसमोर गाणं झालं होतं. जिचं वर्षाचं वेळापत्रक दुसरी माणसं ठरवत होती, तिनं शांतपणे शिकायचं कधी?

आता त्या ‘प्रिल्यूड’कडे येतो. 2002 च्या नोव्हेंबरमध्ये सोनीनं तिच्या चार अल्बममधली निवड एकत्र करून बाजारात आणली. निवडक गाण्यांचा संग्रह हा संगीत कंपनीसाठी सर्वांत स्वस्त माल असतो. मुद्रणं तयार असतात, वाद्यवृंदाचा खर्च नाही, स्टुडिओ नाही, एखाददुसरं नवं गाणं घातलं की झालं. नाताळच्या तोंडावर दुकानात ठेवला की भेट म्हणून जातो. कलाकार कंपनी सोडायच्या बेतात असला किंवा त्याचं पुढे काय करायचं हे कंपनीला कळेनासं झालं, की असा संग्रह निघतो. अभिजात म्हणून विकला गेलेला हा तिचा शेवटचा अल्बम ठरला. त्यात काही गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला ‘कारकिर्दीचा आढावा’ म्हणून मिरवलं गेलं आणि श्रोत्यांनी तो तसाच मानला. चार वर्षांत, बारा ते पंधरा या वयात गायलेल्या गाण्यांना ‘सर्वोत्तम’ ठरवलं की यापुढे ती जे गाईल ते आपोआप दुय्यम ठरतं. ज्या माणसांनी हा शिक्का मारला त्यांनीच पुढे ती उतरली म्हणून हळहळ व्यक्त केली.

याच वेळी एक उलट सूरही लागला होता, आणि मला तोही तितकाच चुकीचा वाटतो. हुशार, व्यवहारी माणसांचा सूर तो : मुलगी दिसायला चांगली, नाव घराघरांत पोचलेलं, आता पॉपकडे वळवा, पूल बांधा, भविष्य उज्ज्वल आहे. क्रॉसओव्हर म्हणजे त्यांच्या लेखी ग्राहकांची एक यादी दुसऱ्या यादीला जोडणं. पण अंगाई आणि प्रार्थना ऐकण्यासाठी अल्बम घेणारी साठीची बाई आणि शुक्रवारी रात्री नाचायला जाणारी एकोणीस वर्षांची मुलगी यांच्यात नाव सोडलं तर काहीच समान नव्हतं. पहिलीला ती लहानच राहायला हवी होती. दुसरीला ती कधी लहान होती हे आठवायला नको होतं. 2003 मध्ये युर्गन व्हरीसच्या ‘द ऑपेरा साँग’ या नृत्यगीतात तिचा आवाज वाजला तेव्हा तिचं पूर्ण नावही छापलं नव्हतं, ‘सीएमसी’ एवढी आद्याक्षरं होती, आणि गाणं ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. नाव झाकल्यावर लोकांनी नुसता आवाज ऐकला. पूल बांधणाऱ्यांच्या हिशेबाला एवढं एक उदाहरण पुरे आहे.

2005 चा ‘टिश्यूज अँड इश्यूज’ हा तिचा पहिला पॉप अल्बम. तो थोर आहे असा दावा मी करणार नाही. काही गाण्यांत निर्मितीचा गोंगाट इतका आहे की गळा शोधावा लागतो, आणि तेव्हाच्या इतर पॉप अल्बमांपासून त्याला वेगळं काढणं कठीण जातं. पण ‘क्रेझी चिक’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं ते उगाच नाही. त्यात ती हसते, ओरडते, स्वर मुद्दाम खरखरीत लावते. बारा वर्षांच्या वयापासून जिला प्रत्येक स्वर काचेसारखा लखलखीत ठेवायला लावला होता, तिला पहिल्यांदा खरखरीत व्हायची मोकळीक मिळाली. ते आवडणं न आवडणं हा रुचीचा प्रश्न आहे. ते अध:पतन आहे असं म्हणायला मात्र आधी हे सिद्ध करावं लागेल की त्याआधी ती स्वतःच्या इच्छेनं कुठल्या उंचीवर उभी होती.

इथे आपल्याकडचे जाणकार कुमार गंधर्वांचं नाव घेतात. बघा, म्हणतात, तेही बालगायक होते, सात-आठ वर्षांचे असताना बुजुर्गांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचे, सभा थक्क व्हायच्या. पण त्यांनी देणगी जपली, वाढवली. उदाहरण अगदी योग्य आहे, फक्त ते माझ्या बाजूनं बोलतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा 1936 मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत गायला आणि सगळे अवाक झाले. पुढे काय झालं? तो बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिला. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य, पण एकाच घराण्याच्या कुंपणात न मावणारे. अनेक गवयांकडून बंदिशी गोळा करणारे, आवाजाचा शास्त्रीय अभ्यास करणारे. या मुलाला नकलेतून बाहेर काढून स्वतःचं गाणं सापडू द्यायला त्यांच्याकडे वर्षं होती, आणि ती त्यांनी दिली. त्यानंतर क्षयाचा आजार, 1948 मध्ये देवासला जाणं, काही वर्षं गाणं पूर्ण बंद, आणि त्या सक्तीच्या मौनात माळव्याच्या लोकगीतांकडे लागलेला कान. आपण ज्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतो ते या सगळ्यानंतरचे.

आता कल्पना करा, 1936 सालीच कुणी त्या मुलाच्या नकलांचा संग्रह ‘सर्वोत्तम’ म्हणून काढला असता आणि पुढचं सगळं गाणं त्याच्याशी ताडून पाहिलं असतं, तर आजारातून उठून आलेल्या, तुटक, लहान आवर्तनांत झेपावणाऱ्या त्या गाण्याला लोकांनी काय म्हटलं असतं? म्हटलंच होतं अनेकांनी. परंपरा मोडली, घराणं नाही, ही टीका त्यांनी आयुष्यभर सोसली. पण त्यांच्या बाल्याचं मोजमाप त्यांच्या प्रौढपणावर लादायची ताकद तेव्हा कुणाच्या हातात नव्हती. शार्लटच्या बाबतीत ती एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या आणि वर्तमानपत्रांच्या हातात होती.

वर्तमानपत्रांचं प्रकरण टाळून हा विषय पुरा होत नाही, कारण ‘मातीत घातला’ या निकालाचा निम्मा पुरावा तिथूनच आलेला आहे. ती कुठे गेली, कुणाबरोबर होती, किती प्यायली. नोव्हेंबर 2011 मध्ये, ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या वर्तनाची तपासणी करणाऱ्या लेव्हसन चौकशीसमोर तिनं साक्ष दिली. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. आपल्यावर आणि आपल्या कुटुंबावर कशी पाळत ठेवली गेली, आई आजारी असताना घरातली खाजगी गोष्ट कशी पहिल्या पानावर आली, हे तिनं सविस्तर सांगितलं. 1999 मध्ये, तेरा वर्षांची असताना, ती वृत्तपत्रसम्राट रुपर्ट मरडॉक यांच्या लग्नात गायली. मानधन म्हणून एक लाख पौंड किंवा त्याऐवजी त्यांच्या वर्तमानपत्रांत सांभाळून लिहिलं जाईल असं आश्वासन, असा पर्याय समोर ठेवला गेल्याचं आपल्याला सांगण्यात आलं, आपल्याला पैसे बरे वाटले होते, पण सल्लागारांनी दुसरा पर्याय घेतला, असं तिनं साक्षीत नमूद केलं. 2012 च्या फेब्रुवारीत ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या मालकांनी फोन हॅकिंगच्या दाव्यात तिची आणि तिच्या आईवडिलांची जाहीर माफी मागितली आणि खर्चासह सहा लाख पौंड दिले. ज्या पानांवरून आपण तिच्या ‘घसरणी’च्या बातम्या वाचल्या त्यांतल्या काही कशा मिळवल्या होत्या हे यातून कळतं. तो पुरावा आपण अजून कसा काय वापरतो?

यावर शेवटचं उत्तर येतं ते पैशाचं. लक्षावधी पौंड मिळाले, मग तक्रार कसली? पैसे मिळाले हे खरं. पण पैसे मिळाले म्हणून संमती होती असं ठरत नाही, आणि संमती होती असं मानलं तरी तेराव्या वर्षीची संमती तिसाव्या वर्षी बंधनकारक कशी? 2013 मध्ये सॅलफर्डला जॉन पील व्याख्यानात तिनं संगीत व्यवसायात तरुण मुलींना कसं वागवलं जातं याबद्दल बोलताना स्वतःचाच अनुभव पुढे ठेवला : एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी अंगप्रदर्शन करणारे कपडे घालायला कसं भरीस घातलं गेलं, आणि निर्णय घेणारी माणसं बहुतेक मध्यमवयीन पुरुष कशी होती. म्हणजे ज्या पॉपकडे ती मोकळीक म्हणून गेली तिथेही दुसऱ्यांचे हात होतेच. क्रॉसओव्हरच्या उज्ज्वल भविष्याची भाषा करणाऱ्यांनी हे व्याख्यान आधी ऐकावं आणि मग कुठल्याही सोळा वर्षांच्या मुलीला सल्ला द्यावा.

त्यानंतरची तिची वाटचाल ‘वाया गेली’ म्हणणाऱ्यांना ठाऊकच नसते. मोठ्या कंपनीच्या बाहेर तिनं ‘वन’, ‘टू’ अशा नुसत्या आकड्यांच्या नावांनी छोटे संग्रह काढले, त्यांतली गाणी स्वतः लिहिली. मग ‘लेट नाइट पॉप डंजन’ हा कार्यक्रम घेऊन ती छोट्या सभागृहांत आणि संगीत महोत्सवांत फिरली. दुसऱ्यांची गाणी, मोठा बँड, एका गाण्यातून दुसऱ्यात बेधडक उड्या. त्या मैफलींची मुद्रणं ऐकली तर वरच्या पट्टीतला तोच नेमका, न हलणारा स्वर मधूनच कानावर येतो. ज्याला गेलेला म्हणतात तो गळा तिथे पूर्ण जोरात गातो आहे, फक्त आता काय गायचं ते ती ठरवते. ‘सुओ गान’ पुन्हा ऐकावंसं वाटलं तर 1998 चं मुद्रण जागेवर आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. ते गाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीनं आयुष्यभर त्याचीच प्रत काढत बसावं हा हक्क श्रोता म्हणून आपल्याला कधीच नव्हता, आणि आपल्या मुलामुलींच्या बाबतीतही तो आपल्याला नाही.